चौदाव्या घटनादुरुस्तीमागचा वकील : जॉन बिंगहॅम

अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदाव्या दुरुस्तीचा आधार आज असंख्य खटल्यांत घेतला जातो. तिच्या पहिल्या कलमाचा गाभा ज्यांनी लिहिला, त्या जॉन आर्मर बिंगहॅम यांचे नाव मात्र खुद्द त्यांच्या देशातही फारसे घेतले जात नाही. १८१५ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मर्सर येथे जन्मलेल्या बिंगहॅम यांनी ओहायोत शिक्षण घेतले, १८४० मध्ये वकिलीची सनद मिळवली आणि कॅडिझ या लहानशा गावी जम बसवला. गुलामगिरीचा प्रश्न पेटलेला असताना, १८५५ मध्ये, ते अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात दाखल झाले. कृष्णवर्णीयांना राज्यात वस्तीस मज्जाव करणारी घटना घेऊन ओरेगन संघराज्यात येऊ लागले, तेव्हा १८५९ मध्ये त्यांनी त्या प्रवेशाला सभागृहात विरोध केला.

त्यांच्या पुढील कामाचे मूळ मात्र १८३३ च्या एका खटल्यात आहे. बाल्टिमोर शहराने रस्त्यांच्या कामासाठी ओढ्यांचे प्रवाह वळवल्याने जॉन बॅरन यांच्या धक्क्यापाशी गाळ साचत गेला आणि जहाजे लागण्याइतकेही पाणी तेथे उरले नाही. भरपाईसाठी त्यांनी राज्यघटनेतील हक्कांच्या सनदेचा आधार घेतला. त्यावर सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला, की ही सनद केवळ संघ सरकारला बांधते, राज्यांना नाही. याचा अर्थ, एखाद्या राज्याने भाषणाचे वा न्याय्य सुनावणीचे स्वातंत्र्य हिरावले, तर त्या सनदेच्या बळावर दाद मागण्याची सोय नागरिकाला नव्हती.

यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेतील राज्यांनी मुक्त झालेल्या गुलामांना जखडणारे कायदे केले, तेव्हा हीच उणीव उघडी पडली. १८६६ मध्ये काँग्रेसपुढे नागरी हक्कांचे विधेयक आले. बिंगहॅम यांना त्याचा हेतू पूर्णपणे मान्य होता. तरीही असा कायदा करण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिलेला नाही, या कारणास्तव त्यांनी विरोधी मत दिले. हे निव्वळ कायद्याचा कीस काढणे नव्हते, असे मला ठामपणे वाटते, कारण जो अधिकार नाही असे ते म्हणत होते, तो घटनेतच लिहून घेण्याची त्यांची खटपट त्याच वेळी चालू होती. काँग्रेसला सरसकट अधिकार देणारा त्यांचा पहिला मसुदा फेब्रुवारीत लांबणीवर पडला. मग त्यांनी रचनाच बदलली आणि ‘कोणतेही राज्य नागरिकांचे विशेषाधिकार हिरावणार नाही’ अशा धर्तीची थेट मनाई शब्दबद्ध केली. मार्शल यांचा निकाल वाचूनच ही रचना निवडल्याचे त्यांनी १८७१ मध्ये सभागृहात सांगितले. कायद्याच्या समान संरक्षणाची हमी त्यांनी केवळ नागरिकांना नव्हे, तर ‘कोणत्याही व्यक्तीला’ दिली. (भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १४ मधील ‘कायद्याचे समान संरक्षण’ हे शब्द याच कलमावरून आले आहेत.) नागरिकत्वाची व्याख्या करणारे आरंभीचे वाक्य मात्र सेनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने जोडले. जून १८६६ मध्ये काँग्रेसने संमत केलेल्या या दुरुस्तीला जुलै १८६८ मध्ये राज्यांची पुरेशी मान्यता मिळाली.

त्यांच्या कारकिर्दीतील एक बाजू या कामाशी जुळत नाही. १८६५ मध्ये लिंकन यांच्या हत्येच्या कटातील आरोपींवर लष्करी आयोगापुढे खटला चालला. त्यात बिंगहॅम सरकारतर्फे उभे होते आणि सामान्य नागरिकांवर असा खटला चालवणे वैध असल्याचे त्यांनी हिरिरीने मांडले. १८६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याविरुद्धच्या महाभियोगातही ते अभियोक्त्यांपैकी एक होते. जॉन्सन एका मताने बचावले.

१८७२ मध्ये पक्षाची उमेदवारी हुकल्यावर बिंगहॅम जपानमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले आणि १८८५ पर्यंत तेथेच होते. याच सुमारास आणि त्यानंतरही त्यांच्या कलमाची धार बोथट होत गेली. १८७३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या कत्तलखान्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील नागरिकांच्या विशेषाधिकारांचा भाग जवळपास निष्प्रभ केला आणि १८९६ मध्ये रेल्वेच्या डब्यांतील वर्णभेदही वैध ठरवला. १९०० मध्ये कॅडिझ येथे बिंगहॅम यांचे निधन झाले, तेव्हा हे दोन्ही निकाल कायम होते. हक्कांची सनद राज्यांनाही लागू करण्याचाच बिंगहॅम यांचा हेतू होता, हे न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी १९४७ मध्ये आपल्या विरोधी निकालपत्रात सविस्तर मांडले; आणि १९५४ मध्ये त्याच समान संरक्षणाच्या शब्दांवर सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला.