वादळ गेलं, आभाळ निळं झालं, मग बर्फ काहून घसरतो?

माझा भाचा आणि त्याचे धरमपेठेतले चार मित्र मनालीकडे फिरून राह्यले. परवा त्यानं फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला, निळंशार आभाळ, पांढरे डोंगर, खाली लिहिलं, "मामा, वादळ गेलं, आता सेफ आहे." आपण नागपूरवाले, आपलं वादळ म्हणजे मे महिन्यातलं, येतं, दोन झाडं पाडतं, लाईट घालवतं आणि संपतं. बर्फाच्या डोंगरात खरा धोका त्याच निळ्या आभाळाच्या एकदोन दिवसांत असतो, आणि हे कळायला माणसाला बरीच वर्षं लागली, जीव पण बरेच गेले.

गच्चीवरच बघा ना, धुळीचं वादळ येऊन गेलं की वाऱ्याच्या तोंडावरची फरशी साफ आणि कठड्याच्या आडोशाला धुळीचा ढीग. बर्फाचं तेच. वारा डोंगरधारेच्या एका अंगाचा बर्फ उचलतो आणि पलीकडच्या अंगाला नेऊन टाकतो, ताजा मोकळा बर्फ असला तर ताशी 25-30 किलोमीटरचा वारा पण पुरतो, आणि आभाळातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगानं त्या आडोशाच्या उतारावर थर चढत जातो. म्हणजे बर्फ पडायचा थांबला, ऊन पडलं, तरी वारा चालू आहे तोवर तिकडचं ओझं वाढतंच. वरून उडताना कण तुटून बारीक होतात, एकमेकांना घट्ट बसतात, सलग लादी तयार होते, तिला स्लॅब म्हणतात. आणि खाली जर जुना, दाणेदार साखरेसारखा भुसभुशीत बर्फ असला तर झालंच. ताटात साखर पसरा, वर संत्रा बर्फीची वडी ठेवा आणि ताट तिरपं करा, वडी घसरते, तेच हिमस्खलन. डोंगरात हे तिरपेपण साधारण 30 ते 45 अंशांचं असतं, नेमकं स्कीवाल्यांना आवडतं तेवढंच.

विल्हेल्म पॉल्के नावाचा जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ होता, स्कीइंगचा वेडा, त्यानं बर्फाचे थर खणून खणून पाहिले. हिमस्खलन बांधणारा खरा मिस्त्री म्हणजे वारा, हे म्हणणं त्याच्याच नावावर चालत आलंय. पहिल्या महायुद्धात, 13 डिसेंबर 1916 ला, मार्मोलाडा डोंगराखालच्या ऑस्ट्रियन छावणीवर बर्फ कोसळून शेकडो सैनिक गेले. तिथल्या कॅप्टननं आधीच जागा बदलून मागितली होती, वरून नकार आला. (वरिष्ठ सगळीकडे सारखेच!)

मग स्विस लोकांनी हे सिरियसली घेतलं. 1936 मध्ये दावोसच्या वर वाइसफ्लूयोखला बर्फातच छोटी लॅब टाकली, तिचीच 1942 मध्ये संस्था झाली. 1950-51 च्या हिवाळ्यात आल्प्समध्ये अडीचशेच्या वर माणसं दगावली, त्यानंतर रोजचे इशारे, अडवणाऱ्या भिंती, सगळ्याला जोर आला. अमेरिकेत युटामधल्या अल्टाला माँटगोमेरी अॅटवॉटर नावाचा माजी सैनिक रेंजर झाला आणि त्यानं वादळ चालू असताना काय काय नोंदायचं याची घडीच बसवली, त्यात वाऱ्याचा वेग आणि दिशा पक्की. पुढं तर तिथं तोफा डागून धोकादायक उतारांवरचा बर्फ मुद्दाम पाडायला लागले.

आपल्याकडे 1969 मध्ये मनालीला डीआरडीओची 'सासे', म्हणजे बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था, सुरू झाली, मुख्यतः फौजेसाठी. 2020 मध्ये ती डीआरडीओच्याच नव्या 'डीजीआरई' संस्थेत गेली. युरोपात 1993 पासून 1 ते 5 अशी एकच धोक्याची पट्टी आहे, आणि गंमत अशी की तिथं सगळ्यात जास्त माणसं 5 वर नाही, 3 वर मरतात. 5 ला कोणी घराबाहेर पडत नाही, 3 म्हणजे "मीडियमच तर आहे".

आणि हे फक्त हौशी पोरांचं आहे असं नाही. 4 ऑक्टोबर 2022 ला द्रौपदी का डांडा 2 या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची ट्रेनिंगची तुकडीच हिमस्खलनात सापडली, तेव्हा 27 मृतदेह मिळाले, दोघं बेपत्ता राहिले.

मी स्वतः एकदाच, मनालीच्या वर, बर्फाचे थर तपासायला खड्डा खणलेला पाहिला. इन्स्ट्रक्टरनं 30 बाय 30 सेंटिमीटरचा बर्फाचा खांब मोकळा कापला, वर फावडं ठेवलं, आणि थापा मारायला लागला, दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. आम्हाला वाटलं शेवटपर्यंत टिकेल, इतका टणक दिसत होता. अकराव्या थापेला, म्हणजे कोपरातून पहिलीच, वरचा वीतभर तुकडा ड्रॉवर ओढल्यासारखा सुळ्ळकन बाहेर आला, खाली साखर तशीच. त्यानं वर धारेकडे बोट दाखवून विचारलं, "काल हवा किधर से थी?" आम्ही नऊ जण होतो, एकालाही सांगता आलं नाही.

भाच्याला मी तोच प्रश्न पाठवला. ब्ल्यू टिक आलीय, उत्तर अजून नाही.