वही वाजत नाही, फोन गप्प बसत नाही

माझ्या डायरीत एक ओळ होती, "दातांच्या डॉक्टरांना फोन". सोमवारी लिहिली, राहिली, मंगळवारच्या पानावर परत लिहिली, मग बुधवारी, गुरुवारी, आणि शुक्रवारी पाचव्यांदा तेच शब्द लिहिताना हात थांबला, पेन खाली ठेवलं आणि फोन लावला. त्याआधी हेच काम ॲपमध्ये दोन महिने पडून होतं. रोज सकाळी रिमाइंडर यायचा, मी तो अंगठ्याने बाजूला सारायचे, आणि त्याचं काहीच वाटायचं नाही.

याच्या बरोब्बर उलटं रात्री नऊच्या गोळीचं झालं. ती डायरीत व्यवस्थित लिहिलेली होती पण नऊ वाजता डायरी बॅगेत बंद, मग काय उपयोग, एकाच आठवड्यात दोनदा गोळी चुकली. फोनवर अलार्म लावल्यापासून एकदाही नाही. म्हणून "कागद चांगला की ॲप" असा सरसकट प्रश्न विचारला की मला तो प्रश्नच अर्धवट वाटतो, आधी काम कोणत्या जातीचं आहे ते तर बघू.

पुढे करायच्या गोष्टी आपल्याला कशा आठवतात यावर जाइल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅक्डॅनियल या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली काम केलं, आणि त्यातून एक फार उपयोगी फरक पुढे आला. काही कामांना बाहेरून खूण मिळते, म्हणजे अमुक माणूस भेटला की निरोप द्यायचा, तो माणूस समोर आला की निरोप आठवतो. काही कामं मात्र नुसती वेळेला बांधलेली असतात, साडेचारला फोन करायचा, आणि साडेचारला समोर काहीच घडत नाही, आठवण आपल्या आपणच काढावी लागते. ही दुसऱ्या जातीची कामं जास्त निसटतात. आणि तिथे वही कितीही सुंदर असली तरी हतबल आहे, कारण ती उघडायची आठवण आपल्यालाच ठेवावी लागते.

मग वही कुठे भारी पडते? टोकियो विद्यापीठातल्या कुनियोशी साकाई यांच्या टीमचा 2021 चा प्रयोग मला यात सगळ्यात आवडतो, कारण त्यात चक्क कॅलेंडर भरायचं काम होतं. 18 ते 29 वयाचे 48 जण घेतले, त्यांना एक काल्पनिक संभाषण वाचायला दिलं, त्यात तारखा, वेळा, भेटी अशा 14 नोंदी होत्या, त्या कुणी कागदी डायरीत टिपल्या, कुणी टॅबलेटवर पेनने, कुणी फोनवर टाइप करून. डायरीवाल्यांचं साधारण 11 मिनिटांत आटोपलं, टॅबलेटवाल्यांना 14 लागली, फोनवाल्यांना 16. तासाभराने एमआरआय मशीनमध्ये झोपवून प्रश्न विचारले तेव्हा डायरीवाले सोप्या प्रश्नांत पुढे होते, आणि मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात त्यांची हालचालही जास्त दिसली.

आता गंमत बघा, टॅबलेटवाल्यांच्या हातातही पेनच होतं. म्हणजे निव्वळ हाताने लिहिण्याची ही किमया नाही. साकाईंचं म्हणणं असं की कागदावरच्या नोंदीला जागा असते, डाव्या पानावर खाली, कोपरा दुमडलेला, अक्षर थोडं तिरकं गेलेलं, आणि मेंदू ती जागासुद्धा नोंदीबरोबर साठवतो, स्क्रीनवर मात्र वर सरकवलं की सगळं नाहीसं होतं. मला हे लगेच पटलं, कारण मागच्या वर्षीचा एखादा नंबर मला आधी पानावर दिसतो आणि मग आठवतो!

पण हाताचा वाटा अगदीच नाही असंही नाही. नॉर्वेतल्या ट्राँडहाइमला झालेल्या आणि 2024 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात 36 विद्यार्थ्यांच्या डोक्यावर 256 सेन्सर लावून बघितलं, शब्द डिजिटल पेनने लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी खूप जास्त जोडलेले दिसले, टाइप करताना तेवढे नाही. मात्र यावरून "हाताने लिहिलं की जास्त लक्षात राहतं" असं सिद्ध झालं म्हणून जे फिरवलं जातं ते मला मान्य नाही, कारण त्या प्रयोगात कुणाची आठवण तपासलीच नव्हती, आणि टायपिंगही एका बोटाने करायला लावलं होतं.

आणि विसरणं हे दरवेळी वाईट कुठे असतं? 2011 मध्ये मानसशास्त्रज्ञ बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी लोकांकडून कॉम्प्युटरवर माहिती टाइप करून घेतली, काहींना सांगितलं सेव्ह होईल, काहींना सांगितलं पुसली जाईल, आणि सेव्ह होणार म्हटल्यावर लोकांना ती कमी आठवली. हे ऐकून बरेच जण घाबरतात, मला मात्र यात सोय दिसते. पॉलिसी रिन्यू करायची तारीख मला डोक्यात ठेवायचीच नाहीये, ती फोनला देऊन टाकली की डोक्यात दुसऱ्या कशाला तरी जागा होते. वर्षातून एकदा येणारं, दर महिन्याला येणारं, मिनिटाला बांधलेलं, सगळं बिनधास्त फोनकडे.

फक्त ज्या कामाचा विचार करायचाय ते तिकडे नको, कारण फोन उघडला की तो एकटा उघडत नाही. 2015 च्या एका अमेरिकन प्रयोगात असं दिसलं की नोटिफिकेशन आलं आणि आपण ते बघितलंसुद्धा नाही, तरी हातातल्या कामावरचं लक्ष ढळतं. यादी करायला फोन घेतला आणि वीस मिनिटांनी भलतंच काहीतरी बघत बसलो, हे मी किती जणांकडून ऐकलंय.

रात्रीची यादी तर मी कागदावरच करते. झोपेचे अभ्यासक मायकेल स्कलिन यांच्या टीमने 2018 मध्ये 57 तरुणांना झोपेच्या लॅबमध्ये ठेवून झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला लावलं होतं, निम्म्यांनी येत्या दिवसांची कामं लिहिली, निम्म्यांनी झालेली कामं, आणि पुढची कामं लिहिणाऱ्यांना साधारण 9 मिनिटं लवकर झोप लागली. त्यातही ज्याने जितकं नेमकं लिहिलं तितकी त्याला लवकर लागली. त्यामुळे आता "डॉक्टर" एवढंच लिहून मी थांबत नाही, "डॉक्टरांना फोन, जेवणाआधी, फाइल टेबलावर आहे" असं लिहिते. फोन तोवर दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लागलेला असतो, सकाळी सहाचा अलार्म लावून.