क्लच दाबला तरी घूंऽऽ चालूच

आंबा घाट उतरून साखरप्याकडे येत होतो तेव्हा गाडीत घूंऽऽ असा आवाज भरून राहिला होता. कोल्हापूर सोडल्यापासून तो होताच. घाटातल्या उजव्या वळणांवर चढायचा, डाव्या वळणांवर जरा बसायचा. बाबांचं म्हणणं होतं, टायर झिजलेत. माझी खात्री होती की आवाज माझ्या पायाशी, पुढच्या उजव्या चाकाकडून येतोय. रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये गाडी लावली. मेकॅनिकने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, सपाटीला क्लच दाबून गाडी नुसती पळू दिली, तर आवाज ऱ्हातो का जातो?"

मी ते करून पाहिलं नव्हतं. मग त्याला शेजारी बसवून रिकाम्या सपाट रस्त्यावर गेलो. क्लच दाबला, इंजिन शांत झालं. घूंऽऽ मात्र तसाच राहिला आणि गाडीचा वेग उतरला तसा तोही उतरत गेला. "इंजिन नाय," तो म्हणाला. "चाकाकडचं काय तरी हाय."

गाडीच्या आवाजांचं निम्मं शास्त्र त्या एका प्रश्नात आहे असं मला तेव्हापासून वाटतं. आपण गॅरेजमध्ये जाऊन "कसला तरी आवाज येतोय" म्हणतो. अनुभवी माणूस विचारतो, कधी येतो? काय केल्यावर वाढतो, काय केल्यावर थांबतो? गाडीतली प्रत्येक फिरणारी वस्तू कुणाच्या तरी तालावर फिरते, आणि मुख्य ताल दोनच आहेत: एक इंजिनच्या क्रँकशाफ्टचा (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा), दुसरा चाकांचा. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत हे दोन्ही एकमेकांना बांधलेले असतात. वेग वाढवला की दोन्ही वाढतात आणि आवाज कुणाचा ते कळत नाही. क्लच दाबला की गाठ सुटते. (हे सपाट, मोकळ्या रस्त्यावरच करायचं. उतारावर केलं तर इंजिनचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो.) याची दुसरी बाजू म्हणजे गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबून पाहणं. तेव्हाही आवाज येत असेल आणि फेऱ्यांबरोबर चढत असेल तर चाकांना दोष द्यायचं कारण उरत नाही.

हे ताल मोजताही येतात. लहान हॅचबॅकच्या टायरचा घेर साधारण १.८ मीटर असतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला सव्वानऊ फेरे घेतं. ताशी १० किलोमीटरला तेच चाक सेकंदाला दीड फेरा घेतं, आणि दीड ठोका कुणालाही मोजता येतो. म्हणून टायरच्या नक्षीत खडा रुतला असेल किंवा चाकाचा एखादा नट सैल असेल, तर भिंतीलगत खिडकी उघडी ठेवून अगदी सावकाश चालवलं की टक… टक… टक असा हिशेबशीर आवाज ऐकू येतो. खडा निरुपद्रवी. पण टायर बदलून आणल्यावर दोन-चार दिवसांत असा ठोका सुरू झाला आणि जोडीला स्टिअरिंग थरथरू लागलं, तर त्याच क्षणी थांबून नट तपासायला हवेत.

इंजिनच्या आतही दोन ताल आहेत. चार स्ट्रोकच्या इंजिनात झडपा उघडणारी कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या बरोबर निम्म्या गतीने फिरते. गाडी उभी असताना क्रँकशाफ्ट मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, म्हणजे सेकंदाला तेरा, तर एका झडपेची उघडझाप सेकंदाला साडेसहा ते सात वेळा होते. टॅपेट (झडपेला ढकलणारा भाग) सैल असेल तर हलकी, कोरडी टिकटिक या निम्म्या तालावर येते, आणि येते ती इंजिनच्या वरच्या भागातून. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग झिजलेलं असेल तर ठोका पूर्ण तालावर पडतो, खालून येतो, जड असतो आणि चढाला किंवा ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढतो. जाणकार कान ही दुप्पट-निम्मी लय ओळखतो, जशी ठाय आणि दुगुन ओळखू येते. टॅपेटची टिकटिक घेऊन गॅरेजपर्यंत जाता येतं. खालचा जड ठोका आणि लाल ऑइल दिवा एकत्र दिसले तर इंजिन तिथेच बंद करून टो करून न्यायचं, नाहीतर बिघडलेल्या बेअरिंगपायी अख्खी क्रँकशाफ्ट जाते.

ताल कळला की आवाजाचा पोत. इथे मराठीत बोलणाऱ्याची फार सोय आहे. खडखड, खुळखुळ, किणकिण हे सैल वस्तू आपटल्याचे शब्द. करकर, किरकिर, कुईकुई घासण्याचे. घरघर, घूंघूं फिरण्याचे. फुसफुस, फडफड हवेचे. यातला प्रत्येक गट भौतिकशास्त्राच्या वेगळ्या घटनेचा आहे, आणि हे शब्द घडवणाऱ्यांच्या कानांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. "खालून खडखडतंय" आणि "खालून करकरतंय" ही दोन निदानं आहेत. स्पीडब्रेकरवर खडखड म्हणजे कुठला तरी सांधा सैल, लिंक रॉड किंवा बॉल जॉइंट. करकर म्हणजे रबराचा बुश सुकून घासतोय.

घासण्याचा आवाज जरा खोलात समजून घेण्यासारखा आहे. सारंगीचा गज तारेवरून सरकतो तेव्हा तो तारेला सलग घासत नाही. राळेमुळे तार गजाला चिकटून ओढली जाते, ताण असह्य झाला की सुटून मागे जाते, पुन्हा चिकटते. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि सूर उमटतो. कारण स्थिर वस्तूला हलवताना लागणारं घर्षण सरकत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. इंजिनवरचा पट्टा (बेल्ट) सैल झाला की थंड सकाळी चालू करताना इंजिनमधून येणारी चीईईं हीच. ब्रेकची किंचाळीही याच कुळातली. फक्त तिथे तारेच्या जागी लोखंडी डिस्क असते, आणि ती झांजेसारखी हजारो हर्ट्झवर थरथरते. कोकणात पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर चढतो. सकाळी पहिल्या पाच-सहा ब्रेकला खरखर होते आणि थर पुसला गेला की थांबते. त्याची काळजी नको.

न थांबणाऱ्या किंचाळीची मात्र घ्यायला हवी. अनेक ब्रेक पॅडना पोलादाची एक छोटी जीभ मुद्दाम लावलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. आपला कान २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि ही किंचाळी बरोबर त्याच पट्ट्यात कानाला टोचते. कुणीतरी विचार करून ठेवलेला हा संदेश कित्येक जण रेडिओ मोठा करून दाबून टाकतात, हे पाहिलं की जीव तुटतो. किंचाळीची जागा खर्रर्र अशा खरवडण्याने घेतली म्हणजे पॅड संपला, लोखंडावर लोखंड घासतंय.

घाट चढताना येणारा आवाज आणखी वेगळा. खंबाटकी किंवा कसारा चढताना वरच्या गिअरमध्ये गाडी रेटली की पेट्रोल इंजिनातून चणे तडतडल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, गाडी नॉकिंग करतेय. स्पार्क प्लगपासून निघालेली ज्योत सिलिंडरच्या पलीकडच्या टोकाला पोहोचण्याआधीच तिथलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं, आणि दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळत राहतात. सिलिंडर सात-साडेसात सेंटिमीटर रुंद आणि तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला हजार मीटरच्या आसपास, म्हणून हा आवाज सात-आठ हजार हर्ट्झचा निघतो. तो थांबवण्यासाठी अमेरिकेत १९२१ साली थॉमस मिज्ली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग मिसळण्याची युक्ती शोधली आणि जगभरच्या हवेत अनेक दशकं शिसं पसरत राहिलं. भारतात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. आता इंजिनलाच कान दिलेला असतो: ब्लॉकवर घट्ट बसवलेला नॉक सेन्सर. त्यातला दाबविद्युत स्फटिक थरथरला की वीज निर्माण करतो. हा परिणाम झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला होता. तडतड ऐकू येताच इंजिनचा संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. तरीही तुमच्या कानावर आवाज येत असेल तर खालचा गिअर टाका, आणि सपाटीवरही येत राहिला तर दाखवून घ्या.

काही आवाज ऐकून लोक उगाच घाबरतात. गाडी बंद केल्यावर खालून टिक… टिक… येते ती सायलेन्सरचा तापलेला पाइप निवताना आकसल्याची. सकाळच्या पहिल्या मिनिटात येणारी आणि मग विरणारी खटखट पुष्कळदा पिस्टनची असते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची भिंत बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. साडेसात सेंटिमीटरचा पिस्टन शंभर अंशांनी तापला तर सुमारे ०.१७ मिलिमीटर वाढतो, आणि थंडीत खटखटायला जागा देणारी फट भरून निघते. ठरावीक फेऱ्यांनाच येणारी झर्रर्र बहुतेक एखाद्या पातळ पत्र्याची असते, विशेषतः सायलेन्सरवरच्या उष्णतारोधक पत्र्याची. ढोल-ताशाचं पथक दारावरून जाताना एखाद्याच खिडकीची काच थरथरते, तसा तो पत्रा आपल्या सुराशी जुळणारी कंपनं मिळाली की झणझणतो, फेरे पुढे गेले की गप्प होतो.

पण सगळ्यांत अवघड काम असतं आवाजाची जागा शोधण्याचं. डावीकडचा आवाज डाव्या कानाला आधी मिळतो, उजव्याला जास्तीत जास्त सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाने उशिरा, आणि मेंदू त्यावरून दिशा काढतो. हे तुटक, टोकदार आवाजांना छान जमतं. गाडीत मात्र आवाज आधी लोखंडातून धावतो. पोलादात त्याचा वेग सेकंदाला पाच हजार मीटरहून अधिक, हवेत ३४३. मागच्या चाकाची थरथर पत्र्यातून पुढे येते आणि तुमच्या पायाखालचा पत्रा बोलू लागतो. शिवाय पोलादातून हवेत उतरताना आवाज जवळजवळ सगळा परत फिरतो, दहा हजारांतला अर्धा भागही सरळ पलीकडे जात नाही. म्हणून मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवतात आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावतात. लोखंडातून हाडात, हाडातून थेट अंतर्कर्णात, मध्ये हवा फारशी येतच नाही. १८१६ मध्ये पॅरिसच्या रने लाएनेक यांनी कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावून स्टेथोस्कोपची सुरुवात केली, तीही शरीरातला आवाज कानापर्यंत वाया न घालवता आणण्यासाठीच. चालू इंजिनजवळ पट्टे आणि पंखा फिरत असतात, त्यामुळे हे काम सवयीच्या हातांवर सोडावं.

साखरप्याला त्याने स्क्रूड्रायव्हर काढलाच नाही. "उजव्या वळणाला वाढतो म्हणालात ना? मग डावी बाजू," तो म्हणाला. उजवीकडे वळताना गाडीचा भार डावीकडे झुकतो आणि त्या बाजूच्या चाकाचं दुखरं बेअरिंग जास्त ओरडतं. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, डांबरावर एक आणि काँक्रीटवर दुसरा. आमचा सगळीकडे सारखा होता. पुढच्या चाकांखाली दगड लावून त्याने मागचं डावं चाक जॅकवर उचललं, हँडब्रेक सोडला, एका हाताने चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर नुसती टेकवली. मग मला म्हणाला, "हात लावून बघा."

कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. पण स्प्रिंगमधून बोटांना बारीक वाळू दळल्यासारखी थरथर लागत होती. बोटांच्या पेरांत थरथर टिपणारे खास ग्राहक असतात, आणि २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास ते केसाच्या जाडीहून कितीतरी सूक्ष्म हालचालही ओळखतात. उजवीकडचं चाक फिरवल्यावर स्प्रिंग गुळगुळीत, गप्प होती.

बेअरिंग रत्नागिरीहून यायला दुपार झाली. जुनं काढून त्याने डिझेलमध्ये धुतलं आणि उजेडात धरलं. गोळ्या ज्यावरून फिरतात त्या कड्यावर वरईच्या दाण्याएवढे खड्डे पडले होते. एका रांगेत बारा गोळ्या धरल्या तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात अशा खड्ड्यावरून पाच ते सात गोळ्या जातात. ताशी ६० किलोमीटरला हे सेकंदाला ४५ ते ६५ ठोके झाले. इतके ठोके कानाला सुटे ऐकू येत नाहीत, त्यांचा सलग हुंकार होतो. त्याची तरंगलांबी पाच ते साडेसात मीटर, म्हणजे चार मीटरांच्या आतल्या आमच्या गाडीपेक्षा मोठी. एवढ्या लांब लाटेची दिशा वीस सेंटिमीटरवर असलेल्या माझ्या दोन कानांना कळणार नव्हती. मी पुढचं उजवं चाक म्हणत होते, होतं मागचं डावं.

नाणीज ओलांडून पालीपर्यंत आलो तेव्हा बाबांनी मान वळवली. "आता हे काय?" मागच्या सीटच्या पट्ट्याचं बकल दाराच्या प्लास्टिकला लागून टिकटिकत होतं. कोल्हापूरपासून टिकटिकत असणार, घूंऽऽच्या खाली झाकलेलं. मी हात मागे करून पट्टा अडकवला.