मातीतलं लोखंड आणि खाणीचं लोखंड: गोव्याच्या नद्यांचे रिपोर्ट वाचताना

गोव्यातल्या नद्यांच्या गाळात लोखंडासारखे धातू किती, याच्या रिपोर्टवरून वाद झाला की एक वाक्य हमखास येतं, "अहो इथली मातीच लाल, लोखंड असणारच." दुसरा म्हणतो, एवढा मोठा आकडा म्हणजे प्रदूषण झालंच. पण मातीत मुळातच असलेला धातू, म्हणजे बॅकग्राउंड, वेगळा आणि खाणीने त्यात घातलेली भर वेगळी, आणि दोघंही एकाच आकड्यावरून भांडतात.

पहिल्याचं म्हणणं खोटं नाही. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातलं सिलिका, कॅल्शियम धुऊन जातं, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम मागे उरतं आणि जांभा तयार होतो. घोटाळा होतो तो तुलनेत. बऱ्याच रिपोर्टमध्ये तुलनेला शेल खडकाची (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाची) जागतिक सरासरी वापरतात, लोखंड साधारण 4.7 टक्के आणि मँगनीज 850 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 850 भाग. ती गोव्याला लावली की जिथे कधी कुदळ पडली नाही तिथली जांभ्याची मातीसुद्धा दूषित ठरू शकते.

पण मग "नैसर्गिकच आहे" म्हणून हात झटकणं मला अजिबात पटत नाही. डिचोली, सत्तरी, सांगे या भागात एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-दगड उकरून डंपवर, म्हणजे खाणीशेजारच्या ढिगाऱ्यावर, टाकलाय, आणि जोराचा पाऊस आला की त्यातली बारीक माती ओहोळातून खालच्या शेतात, तिथून मांडवी आणि जुवारी नद्यांत जाते. शिवाय बार्जमध्ये (माल नेणाऱ्या सपाट बोटीत) खनिज भरताना सांडतं ते आणखी वेगळं. धातू तोच, पण डोंगराच्या पोटात होता तो बारीक होऊन काही दशकांत खाली आला.

हे ओळखायचं कसं? नदीकाठच्या चिखलात पाइप ठोकून गाळाचा उभा नमुना काढतात, वरचा थर नवा, खालचा जुना. गाळात शिसं-210 हा किरणोत्सारी प्रकार असतो, त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 22 वर्षांच्या आसपास असल्यामुळे साधारण शंभर वर्षांपर्यंतच्या थरांचं वय काढता येतं, आणि गोव्यातून लोहखनिजाची निर्यात सुरू झाली 1940 च्या दशकाच्या शेवटी, म्हणजे खालचे थर खाणीच्या आधीचे मिळतात! बारीक चिकणमाती वाळूपेक्षा जास्त धातू धरते म्हणून नुसता आकडा न बघता लोखंडाला अ‍ॅल्युमिनियमने भागायचं, कारण अ‍ॅल्युमिनियमवरून चिकणमाती किती ते कळतं. हे गुणोत्तर खालपासून वरपर्यंत सारखं असेल तर मातीचाच गुण, वर येताना वाढत गेलं तर बाहेरून भर पडली.

आणि खाणीच्या आधीचे आणि नंतरचे थर ताडून बघताना, "नंतर" म्हणजे खाण बंद झाल्याची तारीख नव्हे. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या, 2014 मध्ये अटींवर परवानगी दिली, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या, पण डंप तिथेच होते आणि पाऊस दरवर्षी येत होता.

शेताचं वेगळं सांगायला हवं. इथलं खनिज ऑक्साइडचं, म्हणजे ऑक्सिजनशी जोडलेल्या लोखंडाचं, गंधकाच्या खनिजासारखं पाणी आम्लधर्मी करत नाही, त्यामुळे लोखंड बहुतेक गाळालाच चिकटून येतं, विरघळत नाही. म्हणून धोका नाही असं काही जण सांगतात, ते चूक आहे. भाताच्या खाचरात पाणी साचून मातीतला ऑक्सिजन संपला की तेच लोखंड आणि मँगनीज विरघळतं, जास्त झालं की मुळांवर तांबूस थर बसतो, पानं तांबूस पडतात आणि रोप खुरटतं. तेव्हा कोणी रिपोर्ट दाखवला की आधी विचारा, बॅकग्राउंडचा नमुना कुठला घेतला, किती खोलीवरचा, आणि शेतातली माती पाण्याखाली असताना तपासली की सुकवून.