टक्के टी म्हणजे उलटा ॲब्सॉर्बन्स नव्हे

महाप्याच्या आमच्या क्यूसी (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे दर्जा तपासायच्या) लॅबमध्ये दर जूनला नवी मुलं येतात आणि दर जूनला तोच घोळ. 'मॅडम, वीस टक्के ट्रान्समिटन्स म्हणजे ऐंशी टक्के ॲब्सॉर्बन्स ना?' नाही! ॲब्सॉर्बन्स म्हणजे द्रावणाने उजेड किती शोषला याचं माप, पण त्याला टक्के नसतात, एककच नसतं.

ट्रान्समिटन्स सगळ्यांना कळतो. ब्लँकमधून (नुसत्या द्रावकातून) शंभर भाग उजेड पलीकडे गेला आणि सॅम्पलमधून वीस, तर २० टक्के टी. मशीन (स्पेक्ट्रोफोटोमीटर) मोजतं तेही हेच. ॲब्सॉर्बन्स त्यावरून काढतात: १०० ला टक्के टीने भागायचं आणि त्याचा दहाच्या पायाचा लॉग घ्यायचा.

परवा एकीने सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमधलं पॅरासिटामॉल २५७ नॅनोमीटरला लावलं. २० टक्के टी. निम्मं डायल्यूट करून ती ४० ची वाट बघत बसली. आले ४४.७. मग क्युव्हेट (द्रावण ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) पुसून झाली, डायल्युशन पुन्हा झालं, शेवटी पिपेटवर खापर फुटलं. पिपेट बिचारं निर्दोष होतं.

ठाण्याहून वाशी लोकल पकडा. समजा ऐरोलीला निम्मा डबा उतरला, रबाळ्याला उरलेल्यातला निम्मा, घणसोलीला पुन्हा उरलेल्यातला निम्मा. शंभराचे पन्नास, पंचवीस, साडेबारा. द्रावणातला प्रत्येक थर उजेडाचा असाच ठरावीक वाटा खातो, ठरावीक आकडा नाही. टक्के टी डब्यात उरलेली माणसं मोजतो; ॲब्सॉर्बन्स गेलेली स्टेशनं मोजतो, दर स्टेशनाला ०.३०१, म्हणजे २ चा लॉग. म्हणून तिथे लॉग येतो, आणि म्हणूनच कॉन्सन्ट्रेशनबरोबर सरळ रेषेत वाढतो तो ॲब्सॉर्बन्स. तिचे वीस टक्के म्हणजे ०.६९९. त्याचं निम्मं ०.३४९, म्हणजे बरोब्बर ४४.७ टक्के.

टक्के टीची सरासरी काढणाऱ्यांना तर हात जोडते. १० आणि ४० ची सरासरी २५, म्हणजे ०.६०२. ॲब्सॉर्बन्सची काढा: १.००० आणि ०.३९८, उत्तर ०.६९९, आणि कॉन्सन्ट्रेशनशी जुळतं ते हेच.

काहींना ३ ॲब्सॉर्बन्सचं रीडिंग मिरवायची हौस असते. ३ म्हणजे हजारातला एकच भाग उजेड पोचला. मशीनच्या आत तेवढाच भटका उजेड असला की खऱ्या ३ चे २.७ दिसतात. मी ०.३ ते ०.८ च्या बाहेर जात नाही, सरळ डायल्यूट करते.



गॉगलच्या काचेसाठी टक्के टी खुशाल वापरा. असेच्या (औषधाचं प्रमाण मोजायच्या चाचणीच्या) वहीत दिसला तर मी सही करत नाही.