विज्ञान आश्रम, पाबळ

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ या अवर्षणप्रवण गावी १९८३ साली सुरू झालेली शिक्षणसंस्था. ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन’ या पुण्याच्या संस्थेचे हे केंद्र आहे. शाळकरी मुलांना विज्ञान आणि तंत्रज्ञान प्रत्यक्ष कामातून शिकवण्याची ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’, म्हणजेच आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी), ही पद्धत येथे घडली.

संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग (निधन २००३) अन्नतंत्रज्ञानातले संशोधक होते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन त्यांनी मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात अनेक वर्षे काम केले. ती नोकरी सोडून ते पत्नी मीरा यांच्यासह पाबळला राहायला आले. सोयीचे, पाण्याचे गाव त्यांनी मुद्दामच निवडले नाही. येथे जमले तर कुठल्याही खेड्यात जमेल, असा त्यामागचा हिशेब होता.

आयबीटी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आहे. आठवड्यातला एक दिवस वर्गाला वह्या-पुस्तकांऐवजी काम मिळते. कामाचे विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. वर्गाचे गट पाडून ते पाळीपाळीने या विभागांतून फिरवतात. शिकवणारे निदेशक शक्यतो गावातलेच असतात : वेल्डिंग जाणणारा, वायरिंग करणारा, शेती कसणारा. मुलामुलींत भेद नाही. मुली वेल्डिंग करतात, मुलगे स्वयंपाक आणि हिमोग्लोबिनची तपासणी शिकतात. शिकलेले काम गावाच्या उपयोगी पडावे ही अट आहे, आणि पद्धतीचा खरा कणा हीच अट आहे. शाळेचे बाक दुरुस्त होतात, शोषखड्डे खणले जातात, घरांतली वायरिंग होते. वस्तू कोणीतरी वापरणार आहे हे माहीत असले की मूल माप दोनदा घेते.

जनावराचे वजन काढण्याचा पाठ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गाईचा छातीघेर पुढच्या पायांच्या लगेच मागे मोजायचा, लांबी खांद्याच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत. दोन्ही इंचांत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६० केले की अंदाजे वजन किलोत येते. घेर ६० आणि लांबी ५५ इंच असेल तर वजन ३०० किलो. आता घेर मोजताना टेप सैल राहून २ इंच जास्त आले, तर उत्तर ३२० येते. तीच २ इंचांची चूक लांबीत झाली तर फरक फक्त ११ किलोंचा पडतो. गणितात ‘वर्ग’ म्हणजे काय हे मुलाला गोठ्यात कळते, कारण जंताच्या औषधाची मात्रा याच आकड्यावर ठरते. जनावर वाकडे उभे असेल, मान खाली घातलेली असेल किंवा नुकतेच भरपूर पाणी प्यायले असेल तर माप चुकते. म्हणून सकाळी, चारा-पाण्याआधी, तीनदा मोजून सरासरी घेतात.

गृह-आरोग्य विभागात साहलीच्या पद्धतीने हिमोग्लोबिन तपासता येते. मोजनळीत २० च्या खुणेपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात ०.०२ मिलिलिटर रक्त, १० मिनिटे थांबणे, मग रंग शेजारच्या प्रमाण काचेच्या रंगाशी जुळेपर्यंत थेंबथेंब ऊर्ध्वपातित पाणी. घाई करून १० मिनिटांच्या आत वाचले तर आकडा कमी येतो. बोट पिळून रक्त काढले तरी कमीच येतो, कारण रक्तात पेशींभोवतीचे पाणी मिसळते. प्रत्येकासाठी नवी सुई, आणि वापरलेली सुई लगेच जाड डब्यात; यात सवलत नाही. आकडा कमी आलेल्या मुलीचे नाव वर्गात वाचू नये, हेही याच पाठात शिकवायला हवे. मग शेंगदाणा-गुळाच्या चिक्कीचे प्रात्यक्षिक नुसते पाककृती राहत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकल्यावर कट्‌कन मोडला पाहिजे. दाबला जात असेल तर चिक्की दाताला चिकटते, पाक पुढे गेला तर कडवट लागते.

ऊर्जा-पर्यावरण विभागातला पर्जन्यमापक साधाच : १० सेंटिमीटर व्यासाचे नरसाळे, खाली बाटली. साडेअठ्ठ्याहत्तर मिलिलिटर पाणी साठले तर पाऊस १० मिलिमीटर झाला. तेवढ्यात एकरभर रानावर सुमारे ४०,००० लिटर पाणी पडते. पाबळसारख्या गावात हा आकडा ऐकून मुले गप्प होतात.

अभियांत्रिकीतील आश्रमाची ठळक खूण म्हणजे पाबळ डोम, त्रिकोणांच्या सांगाड्यावर फेरोसिमेंटचे, म्हणजे तारेच्या जाळीवर गिलावा चढवलेले, पातळ कवच चढवून केलेले अर्धगोलाकार घर. अशा घुमटाच्या सर्वांत सोप्या मांडणीत फक्त दोन मापांच्या पट्ट्या लागतात : त्रिज्येच्या ०.६१८ पट लांबीच्या ३५ आणि ०.५४६ पट लांबीच्या ३०. त्रिज्या २ मीटर असेल तर १.२४ मीटर आणि १.०९ मीटर. प्रत्येक पट्टी ५ मिलिमीटरने चुकली तर चुका साठत जातात आणि शेवटचा त्रिकोण मिटत नाही. म्हणून पट्ट्या मोजपट्टीने नव्हे, एकाच साच्यावर कापतात. गिलावा १ भाग सिमेंटला ३ भाग वाळू, पाणी कमीत कमी. मिश्रण सैल केले की हात सहज चालतो, पण पुढे भेगा पडतात, ओल जाळीपर्यंत पोचून ती गंजते. गिलाव्यावर किमान १४ दिवस पाणी मारावे लागते; ते टाळले तर सगळी मेहनत वाया जाते.

प्रत्येक वस्तूचा खर्च काढल्याशिवाय काम पूर्ण धरत नाहीत. वेल्डिंगच्या रॉडचा शेवटचा ५ सेंटिमीटर तुकडा फेकला जातो, तरी हिशेबात अख्खा रॉड धरायचा. कापताना उरलेले लोखंड, वीज, मजुरी, रंग सगळे लिहायचे. मुले हमखास स्वतःची मजुरी विसरतात आणि वस्तू बाजारापेक्षा स्वस्त पडल्याचा आनंद करतात. निदेशकाने तो आनंद तिथेच तपासायला लावावा.

शाळा सोडलेल्या तरुणांसाठी आश्रमात एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम चालतो. त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. २००२ च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या (एमआयटी) साहाय्याने येथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली; अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. आयबीटी महाराष्ट्राबाहेरच्या शाळांतही पोचली. राज्यातील शाळांचा ‘मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स’ याच चार विभागांच्या घडणीवर उभा आहे.

शाळेत ही पद्धत अडते ती बहुधा तीन ठिकाणी. आठवड्याचा दिवस तासातासांत वाटला की सिमेंट कालवेपर्यंत घंटा होते. कार्यक्रम सुरू होताना हत्यारे येतात, पण रॉड, सिमेंट, बियाणे, रसायने यांसाठी दरवर्षी लागणारा पैसा कोणी धरलेला नसतो. दुसऱ्या वर्षी वेल्डिंग मशीनवर धूळ बसते. तिसरी अडचण मानधनाची. ते वेळेवर मिळाले नाही तर चांगला निदेशक हंगामात स्वतःच्या कामाला जातो, आणि त्या दिवशी कोणीतरी फळ्यावर वेल्डिंगची आकृती काढून मुलांना ती उतरवून घ्यायला लावते.