बटण दाबलं की कान बंद

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचायला लागल्या की मोबाईलवर रेंजच्या कांड्या भरलेल्या असूनही फोन लागत नाही. बंदोबस्तातल्या पोलिसांचा वॉकीटॉकी मात्र खरखरत का होईना, बोलत असतो. तो मोबाईलच्या जाळ्यावर अवलंबूनच नाही. अट एकच: एकानं बोलायचं, मग ‘ओव्हर’ म्हणून गप्प बसून ऐकायचं.

ही अट शिस्तीसाठी नाही. लांबून आलेली रेडिओलहर अँटेनात जेमतेम एका व्होल्टचा दहालाखावा भाग, कधी त्याच्याही पाव हिस्सा, एवढाच दाब निर्माण करते. तेवढ्यावरही चांगला सेट शब्द उकलतो. बोलताना मात्र तोच सेट त्याच अँटेनातून पाचेक वॅट बाहेर फेकतो. कानाशी हलगी कडाडत असताना पन्हाळ्यावरची कुजबुज ऐकायची, असला हा प्रकार! म्हणून बटण दाबताच आतला इलेक्ट्रॉनिक स्विच अँटेना रिसीव्हरपासून तोडून ट्रान्समीटरला जोडतो.

बोलण्याचं काम त्या मानानं सोपं. सेकंदाला, समजा, 15 कोटी कंपनं असलेली लहर तयार करायची आणि माईकमधल्या आवाजानुसार ती कंपनं काही हजारांनी कमी-जास्त करायची. हेच एफएम.

खरी करामत ऐकण्यात आहे. हवेत शेकडो लहरींची गर्दी. त्यातून आपलीच गाळायची तर चाळणी फार बारीक हवी आणि दर चॅनेलला ती बदलणं महाकठीण. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्यानं 1918 मध्ये तोड काढली: चाळणी जागची हलवायचीच नाही. सेट आतच स्वतःची एक लहर तयार करतो आणि आलेल्या लहरीत मिसळतो. दोन्हींच्या कंपनांतला फरक, बऱ्याच सेटमध्ये शेवटी 455 किलोहर्ट्झ (सेकंदाला 4 लाख 55 हजार कंपनं), तेवढा चाळायचा. चॅनेल बदललं की फक्त आतली लहर बदलते, फरक तोच राहतो. शंभर वर्षं उलटली तरी ही युक्ती टिकून आहे.

समोरच्यानं बटण सोडल्यावर येणारा ‘खर्र’ म्हणजे बिघाड नव्हे. लहर थांबल्याचं सेटच्या ध्यानात येऊन स्पीकर बंद होईपर्यंत निसटलेला तो गोंगाट.

या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. म्हणून उंचावर रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर (कंपनसंख्येवर) ऐकतो आणि त्याच क्षणी तेच दुसरीवर बोलतो, म्हणजे हातातल्या सेटला न जमणारं नेमकं तेच करतो. त्यासाठी त्याला धातूच्या मोठ्या नळकांड्यांचे फिल्टर लागतात. ते कमरेला लटकवता येत नाहीत, एवढीच अडचण.